आबांच्या बागेवरचं वळण

ड्रोनवाल्याकडं किस्से साचतात, त्याचं कारण ड्रोन नाही. ड्रोन वर गेला की खालच्या माणसांना काम उरत नाही, हे कारण आहे. सगळे माना वर करून उभे राहतात. मान वर गेली की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की माणूस काहीतरी बोलतोच. ते सगळं ऐकायला खाली मी असतो.

आमचं ऑफिस बारामतीत, टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही तिघं. सुहास ड्रोन उडवतो. खरं तर उडवत नाही. आदल्या दिवशी टॅबवर नकाशा उघडतो, बोटानं पॉइंट ठेवत जातो. कुठल्या पॉइंटला किती उंच, कॅमेरा कुठं बघणार, स्पीड किती, सगळं ठरवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बटण दाबतो आणि हात खिशात घालतो. ड्रोन आपला आपण जाऊन येतो. पुढच्या महिन्यात परत बटण दाबलं तरी त्याच वाटेनं, तेवढाच उंच, तशीच मान वळवत जातो. शीतल एडिटिंग करते आणि आम्हा दोघांना शिव्या देते. मी विकी. माझं पद स्पॉटर. म्हणजे आभाळाकडं बघायचं आणि घार आली तर ओरडायचं. आमच्या आईनं पाहुण्यांना सांगितलंय, पोरगं एव्हिएशनमध्ये आहे.

आणि चौथे आबा, सुहासचे वडील. लासुर्ण्याच्या पुढं त्यांची डाळिंबाची बाग. म्हणजे होती. आत्ताच सांगून ठेवतो, ह्या किश्शांत आबांची बाग जाते. हसत हसत ऐकत होतो आणि फसवलं, असं नंतर कुणी म्हणू नका.

*

कोऱ्हाळे बुद्रुकला एक लग्न होतं. नवरदेवाच्या मामांनी सांगितलं होतं, एंट्री पिक्चरसारखी पाहिजे.

सुहासनं आदल्या दिवशी प्लॅन लावला. नवरदेव घोड्यावरून कमानीपाशी येणार. ड्रोन त्याच्या तोंडासमोरून हळूहळू मागं सरकत वर जाणार, मांडवाला एक चक्कर मारणार आणि परत खाली येऊन नवरदेवासमोर थांबणार. रिहर्सलला घोडा नव्हता म्हणून कमानीत मला उभं केलं. सुहास म्हणाला, शॉट एक नंबर आलाय, फक्त घोड्याच्या जागी विकी आहे. शीतल म्हणाली, फरक कळत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं जाहीर केलं, नवरदेव पूर्वेकडून आत आला पाहिजे. झालं. कमान उचलून मांडवाच्या पलीकडच्या बाजूला नेली. मामांनी हे बँडवाल्याला सांगितलं, घोडेवाल्याला सांगितलं, भटजींना सांगितलं. ड्रोनवाल्याला सांगायचं राहिलं. आम्ही शेजारच्या गच्चीवर. ऊन असं की टॅबच्या काचेत सुहासला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं. बँड वाजला, त्यानं बटण दाबलं.

कमान होती तिथं आता आचाऱ्यानं चूल मांडली होती.

संध्याकाळी ऑफिसात शीतलनं फुटेज लावलं. कढईतून वाफ निघतीय. वाफेतून आचारी दिसतो, हातात झारा. ड्रोन त्याच्या तोंडासमोरून अलगद मागं सरकतो. आचारी कपाळावरचा घाम पुसतो आणि कॅमेऱ्याकडं असा बघतो की अख्ख्या लग्नात नवरीकडंही कुणी तसं बघितलं नव्हतं. ड्रोन मांडवाला चक्कर मारून परत त्याच्याकडंच येतो. मधे लांब कुठंतरी एका घोड्याचं ढुंगण दिसतं. त्यावर नवरदेव.

शीतलनं ते परत एकदा लावलं. मग म्हणाली, "नवरदेव चांगलाय. स्वयंपाकही येतो."

मामांनी आम्हाला जे ऐकवायचं ते ऐकवलं. आचाऱ्यानं मात्र व्हिडिओ मागून घेतला आणि मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. पुढच्या सीझनला त्याला बारामतीपासून इंदापूरपर्यंत ऑर्डरी. त्यातल्या एका लग्नात आम्ही होतो. आम्हाला बघितल्यावर तो झारा पुसत आला आणि सुहासला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या टायमाला माझी डावी साईड घ्या."

*

चोर ड्रोन उडवून घरं हेरतात अशी अफवा आमच्याकडं पसरली होती, तेव्हाची गोष्ट. गाव इंदापूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, परत जायचंय.

ठिबकच्या कंपनीची जाहिरात होती. लागणीपासून तोडणीपर्यंत दर महिन्याला एकाच वाटेनं उडायचं, म्हणजे सगळे शॉट एकावर एक ठेवले की ऊस डोळ्यांदेखत वर येताना दिसतो. आम्ही भर दुपारी उडवत होतो. बघता बघता काठ्या घेऊन माणसं जमली. एकानं विचारलं, काय हेरताय? मी म्हणालो, ऊस. तो म्हणाला, उसात काय हेरायचं? मी म्हणालो, उंची. एवढं खरं बोलून मी आयुष्यात कधी एवढा खोटा वाटलो नव्हतो.

आम्हाला पारावर नेलं. तिथं गावचे तात्या बसले होते. त्यांनी टॅब मागून घेतला, नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्या रेघा कसल्या? सुहासला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा धंद्यातला प्रॉब्लेम आहे. म्हणाला, ही ड्रोनची वाट.

"म्हंजी परत येणार तुमी? ह्याच वाटंनं?"

"व्हय तात्या. दर महिन्याला."

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, कबूल झाला."

मग सुहासनं पुरावा म्हणून गेल्या महिन्याचा आणि ह्या महिन्याचा शॉट एकावर एक लावून दाखवला. विहीर हलली नाही. बाभळ हलली नाही. विजेचा खांब हलला नाही. ऊस तेवढा वाढला. तात्या खूश व्हायला लागले होते. तेवढ्यात त्यांनी डोळे बारीक केले.

"हे काय हललं?"

सुहासनं झूम केलं. तात्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या रानामधला बांध एका महिन्यात तात्यांच्या बाजूला सरकला होता. चुलतभाऊ गर्दीतच होता, पहिल्या रांगेत, काठी घेऊन. सुहास म्हणाला, "बांध हललाय, तात्या."

नंतर पारावर जे झालं त्यात आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही सामान उचललं आणि निघालो.

पुढच्या महिन्यात उडवायला गेलो. बांध परत जागेवर आला होता. नुसता जागेवर नाही, पलीकडं थोडा जास्तच गेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात परत अलीकडं. जाहिरात तयार झाल्यावर कंपनीच्या लोकांनी विचारलं, हे मधे काय चाललंय? शीतल म्हणाली, "ऊस वाढतोय आणि बांध श्वास घेतोय."

*

आता बागेचा किस्सा.

नवीन बायपास व्हायचा होता. रस्त्याची आखणी करणारी एक कंपनी आमच्याकडं आली. नाव सोडा. नकाशावर लाइन ठरलेली होती. ओढ्याकडून यायची, आबांच्या बागेपाशी आली की झटकन बाहेर वळायची, पलीकडच्या माळावरून जायची आणि पुढं कळंबच्या रोडला लागायची. माळावर कुसळंसुद्धा नीट उगवत नाहीत. आबा म्हणाले होते, माळावरनं जातोय तर जाऊ द्या, बाग रस्त्याला लागून येईल.

कंपनीला त्या लाइनवरून व्हिडिओ पाहिजे होता. मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये दाखवायचा, गाडीतून चाललोय असं वाटलं पाहिजे. सुहासनं लाइनवर पॉइंट ठेवले आणि उडवलं. ड्रोन बागेच्या कोपऱ्यापाशी आला, थांबला, मान वळवली, मग पुढं गेला. व्हिडिओत तिथं एक हिसका बसत होता. कंपनीचा तरुण इंजिनीअर म्हणाला, इथं जर्क येतोय, आमच्या साहेबांना गरगरतं.

मग सुहासनं आम्ही रोज करतो ते केलं. कोपऱ्यावरचा पॉइंट बोटानं आत ओढला आणि वळण गोल केलं. एवढंच. लाइन माळावरून उचलली गेली आणि बागेवर आली. कॅमेऱ्याचं म्हणाल तर बरंच झालं. बाग फुलावर आली होती. हिरव्यात लाल, हिरव्यात लाल, आणि त्यावरून ड्रोन असा वळला की जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरनं हात फिरवतंय. शीतलनं खाली बासरी लावली.

मीटिंग झाली. इंजिनीअरचा फोन आला, मोठे साहेब खूश आहेत. स्क्रीनकडं बघून म्हणाले, "रस्ता असाच पाहिजे." ड्रोन जिथनं गेला ती फाईलसुद्धा पाठवायला सांगितलीय. आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय. सुहासनं फाईल पाठवली आणि गावात पेढे वाटले.

आबांनी दोन घेतले.

*

एक दिवस सकाळी आबांचा फोन आला. बागेत रंगवलेली दगडं पुरल्यात, सुहासच्या ओळखीची हायत का बघा म्हणाले.

आम्ही गेलो. ओढ्याकडून दगड सुरू झाले होते. सुहास एकेक दगड बघत चालला. चालता चालता त्यानं टॅब उघडला आणि मग प्रत्येक दगडापाशी थांबून टॅब बघायला लागला. प्रत्येक पॉइंटच्या खाली दगड. बागेच्या मधोमध आल्यावर तो खालीच बसला.

आबांनी विचारलं, काय झालं. मघाशी म्हणालो तसं, त्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगितलं. हिसका बसत होता, साहेबांना गरगरत होतं, कोपरा गोल केला, फाईल पाठवली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"म्हंजी हिसका बसू न्हाय म्हणून."

"व्हय."

"कुणाला?"

"बघणाऱ्याला."

आबांनी दगडाकडं बघितलं, मग पुढच्या दगडाकडं, मग त्याच्या पुढच्या.

"वळण चांगलं घेतलंस," म्हणाले.

त्यानंतर आबा सुहासशी बोलले नाहीत. भांडण नाही, काही नाही. सुहास शेजारी उभा असायचा आणि आबा मला म्हणायचे, "विकी, त्याला म्हणावं जेवून जा." मी सुहासला सांगायचो, जेवून जा. सुहास मला म्हणायचा, भूक नाही. मी आबांना सांगायचो, भूक नाही. घरात दोन माणसं आणि मधे मी टॉवर.

*

हरकत घ्यायला आबा सरकारी ऑफिसात गेले. सोबत सुहास आणि मी. मी लागायचोच, नाहीतर गाडीत दोघं बोलणार कसे?

हॉलमध्ये बरेच शेतकरी बसले होते. अधिकारी सभ्य माणूस होता. आबांनी कागद पुढं केले तर तो म्हणाला, आधी हे बघून घ्या, म्हणजे तुमच्या सगळ्या शंका फिटतील. दिवे घालवले आणि पडद्यावर व्हिडिओ लावला.

बासरी सुरू झाली. ओढा आला. मग बाग आली. मागून एक म्हातारा म्हणाला, "कुणाची रं ही बाग? लई झ्याक हाय."

"माझी," आबा म्हणाले.

दिवे लागले. अधिकाऱ्यानं आबांना विचारलं, कसं वाटलं? आबा म्हणाले, हे माझ्याच पोरानं काढलंय. त्यांना काय म्हणायचं होतं ते पुढं आलंच नाही. अधिकारी खुर्चीतून उठला, सुहासचा हात हातात घेऊन हलवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, शेतकऱ्यांची मुलं अशी पुढं आली पाहिजेत. मग आबांकडं वळून म्हणाला, "आता हरकत कशाची? घरचंच काम आहे तुमचं."

चहा आला. आबांची हरकत निकालात निघाली होती.

जाता जाता मी त्या अधिकाऱ्याला गाठलं. म्हणालो, साहेब, आधीची लाइन माळावरून होती, ती का सोडली? तो खरंच विचारात पडला. वाईट माणूस नव्हता.

म्हणाला, "ती लाइन होती हो. पण तिचा व्हिडिओ नव्हता."

*

रस्त्याचं काम सुरू झालं आणि ठेकेदार कंपनीनं कामाची प्रगती शूट करायला आम्हालाच बोलावलं. दर आठवड्याला तीच वाट, तेच वळण. शीतल म्हणाली, घेऊ नका. सुहास म्हणाला, दुसरा कुणी वाकडं उडवेल. काम घेतलं.

साइटवर बोराडे नावाचा सुपरवायझर होता. भला माणूस, पण ड्रोनला देवासारखा घाबरायचा. एक दिवस त्यानं मला विचारलं, ह्याला वाट कशी कळते हो? मी स्पॉटर. मला दिवसभर काम नसतं. मी सांगितलं, झाडं बघून.

"झाडं बघून?"

मी म्हणालो, ओळखीची झाडं असतात त्याची. म्हणून तर म्हणतो, बाग काढायच्या आधी आम्हाला कळवत जा. झाडं गेली की हा भांबावतो. एकदा असाच एका ठिकाणी झाडं तोडली, तर हा ओळखीचं झाड शोधत पार भिगवणला गेला. तीन दिवस पाण्यात रोहित पक्ष्यांच्या थव्यात उभा होता. सुहासनं शेवटी नावानं हाक मारली तेव्हा आला.

बोराडे हसला नाही. मीही हसलो नाही. मला तसंही हसता येत नाही, चेहरा तसाच आहे.

त्यानं ऑफिसला कळवलं. तांत्रिक कारणामुळे डाळिंबाची झाडं तूर्तास काढू नयेत. ऑफिसातल्या माणसाला वाटलं, तांत्रिक आहे म्हणजे असेल काहीतरी. काम दुसऱ्या टोकाकडून सुरू झालं. बाग राहिली. आणि राहिली ती एवढी राहिली की आबांचा एक अख्खा बहार निघाला. त्या वर्षीसारखं फळ कधी आलं नव्हतं. आबांनी बोराडेला एक पेटी पाठवली. बोराडे मला म्हणाला, "बघा, तुमच्या ड्रोनमुळं शेतकऱ्याचा कसा फायदा होतो."

मी म्हणालो, हो ना.

सुहासला हे कळलं तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, अजून एखादं काहीतरी सांग की त्याला. मी सांगणार होतो. माझ्याकडं मुळांबद्दल एक चांगलं तयार होतं. पण ऑफिसातून एक नवीन साहेब आला, त्यानं ते तांत्रिक कारण वाचलं आणि हसला. बोराडेची दुसऱ्या साइटवर बदली झाली. जायच्या दिवशी त्यानं ड्रोनला नमस्कार केला.

*

नवीन साहेबाला पिक्चरची हौस होती. झाडं काढायचा पहिला दिवस त्याला शूट करून पाहिजे होता. शॉट असा: ड्रोन पहिल्या झाडाच्या अगदी जवळून सुरू होणार, मागं सरकत वर जाणार, आणि बरोबर मधे आला की जेसीबी झाड उपटणार. विकासाची सुरुवात, असं वर लिहून येणार होतं.

सुहासनं बटण दाबलं. जेसीबीनं झाड उपटलं. आणि नेमका उन्हावर ढग आला.

साहेब म्हणाला, परत घेऊ. सुहास म्हणाला, साहेब, झाड पडलं. साहेब म्हणाला, मग उभं करा.

जेसीबीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं ही माझी मस्करी आहे. एरवी असतीच, पण नव्हती. त्यानं बकेटनं झाड उचलून खड्ड्यात उभं केलं, दोघा मजुरांनी मागून दोर धरला. ड्रोन तेवढ्याच उंचीवरून, तेवढ्याच स्पीडनं, तीच मान वळवत मागं गेला. ह्यासाठीच तर लोक आम्हाला बोलावतात. झाड दुसऱ्यांदा पडलं. साहेब म्हणाला, छान, आता एक सेफ्टीसाठी.

तिसऱ्यांदा उभं केलं तेव्हा त्याच्यावर पानं फारशी उरली नव्हती.

आबा बांधावर बसले होते. मला म्हणाले, "विकी, त्याला इचार, येक झाड किती डाव मारायचं ठरलंय."

सुहासला ऐकू गेलं. म्हणाला, "झालं, आबा. शेवटचं."

आबा मलाच म्हणाले, "त्याला म्हणावं, कॅमेऱ्याकडं ध्यान ठेव."

शीतलनं व्हिडिओत पहिला शॉट घेतला, ढगाळ. साहेबाचा फोन आला, उन्हातले कुठं आहेत? ती म्हणाली, उडाले. साहेब म्हणाला, असे कसे उडाले? शीतल म्हणाली, मुळासकट.

*

रस्ता पूर्ण झाला. उद्घाटन व्हायचं होतं, म्हणून दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावून ठेवले होते.

एक दिवस दुपारी आबा ऑफिसात आले. ह्याआधी कधी आले नव्हते. शीतलनं पाणी दिलं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. सुहास समोरच बसला होता. आबा मला म्हणाले, बागेवरनं दर आठवड्याला फिरवायचा, ते अजून हाय का मशिनीत, इचार त्याला.

ही वेगळी फाईल. बागेला तेल्या रोग लागला होता तेव्हा सुहासनं केली होती. एकेका ओळीवरून सावकाश जायचं, ओळ संपली की वळून पुढची ओळ. पानं कुठं पिवळी पडलीत ते आबा टॅबवर बघायचे आणि फवारणी कुठं करायची ते ठरवायचे.

सुहास म्हणाला, हाय.

"चल म्हणावं," आबा म्हणाले.

आम्ही बॅरिकेडच्या कडेनं आत गेलो. नवा कोरा रस्ता, डांबराचा वास, मधे दुभाजक, त्यात अजून माती भरायची होती. सुहासनं टॅब उघडला. त्यावरचा नकाशा जुनाच होता. त्यात बाग हिरवीगार होती. त्यानं बटण दाबलं.

ड्रोन वर गेला आणि पहिल्या ओळीला लागला. खाली डांबर. ओळ संपली तसा दुभाजकाच्या वर सावकाश वळला आणि दुसरी ओळ धरली. आबा हात मागं बांधून त्याच्या खालून चालत होते. मधेच थांबायचे, खाली बघायचे, पुढं जायचे. एका ठिकाणी मान वाकवून गेले. सुहास स्क्रीनकडं बघत होता. स्क्रीनवर काळं, काळं, पांढरा पट्टा, काळं. मी माझं काम करत होतो. आभाळात एकही घार नव्हती.

दुसरी ओळ संपत आली तेव्हा आबा म्हणाले, "सुहास, हितं जरा हळू घे."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. सुहासनं आधीच स्पीड कमी केला होता.

तेवढ्यात लांबून मोटारसायकलवर एकजण आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कंपनीचं जाकीट. आमच्यापाशी येऊन थांबला आणि विचारलं, कुणाच्या परमिशननं आलात, कशाचं शूटिंग चाललंय? माझ्याकडं त्याच्यासाठी एक उत्तर तयार होतं. आबा आधी बोलले.

"बागेचं."

त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी नेहमीच्या चेहऱ्यानं बघत राहिलो. वर ड्रोन वळला आणि तिसऱ्या ओळीला लागला, सरळ आमच्या दिशेनं.

आबांनी हात वर केला. "साहेब, जरा हिकडं सरका. तुमी झाडावर उभं ऱ्हायलाय."

साहेबानं खाली बघितलं. मग गाडीवरून उतरला आणि गाडी हातानं ढकलत बाजूला घेतली.